ओळखीचं नाणं

"ठेवा! ठेवा ते खाली! आत्ताच्या आत्ता!"

मी अशी ओरडले की त्या चष्म्याच्या दुकानातल्या सगळ्या आरशांत एकदम माझंच उघडं तोंड दिसायला लागलं. काउंटरपलीकडचा माणूस जागच्या जागी थिजला. त्याच्या एका हातात भिंतीवरचं घड्याळ होतं, पालथं केलेलं, आणि दुसऱ्या हातात एक जुनं चांदीचं नाणं. त्या नाण्याच्या कडेने तो घड्याळाच्या पाठीचा स्क्रू फिरवायला निघाला होता!

"घड्याळ ठेवू?" त्याने घाबरत विचारलं.

"नाणं!"

"अहो, स्क्रूड्रायव्हर कपाटाखाली घरंगळलाय. हे हाताशी होतं म्हणून..."

"कडेला धरा. दोन बोटांत. तसं नाही — पोटाला अंगठा लागतोय!"

"माझ्या?"

"नाण्याच्या!"

त्याने नाणं कडेला धरलं, इतकं जपून, की जणू ते चावेल. मग माझ्याकडे पाहिलं. बाहेर पावसाची बुरबुर होती. माझी छत्री दुकानाच्या कोरड्या फरशीवर ठिबकत होती, केस गालाला चिकटले होते आणि मी एका अनोळखी माणसावर खेकसत होते. लाज वाटायला हवी होती. पण माझं लक्ष त्या नाण्यावरून हलेना.

खरं म्हणजे मी आले होते माझं भिंग दुरुस्त करायला. त्याच्या काचेला धरून ठेवणारा बारीकसा स्क्रू सैल झाला होता आणि काच खडखडत होती. भिंग म्हणजे माझं पोटपाणी. पलीकडच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, आम्ही नाणी तपासतो. लोक आपापली नाणी आमच्याकडे पाठवतात, आम्ही तिघं जण ती वेगवेगळी पाहतो आणि एक ते सत्तरमधला अंक देतो. सत्तर म्हणजे टाकसाळीतून आत्ता बाहेर पडलं, कुणाचा श्वाससुद्धा लागला नाही असं. मग ते नाणं आपला अंक घेऊन पारदर्शक डबीत कायमचं बंद होतं. एका अंकाच्या फरकाने किंमत कुठल्या कुठे जाते.

"दाखवा," मी म्हणाले.

त्याने तळहातावर मऊ कापड पसरलं आणि त्यावर नाणं ठेवलं. निदान एवढी अक्कल होती. मी खडखडतं भिंग डोळ्याला लावलं. मुकुट घातलेली राणी, आणि तिच्या पाठीमागे, कडेकडेने, निळसर जांभळी कोर. वर्षानुवर्षं एकाच जागी पडून राहिलं की चांदीवर असा रंग चढतो, आणि नशीब असेल तरच असा देखणा चढतो.

"तो डाग दिसतोय ना," तो मदतीच्या सुरात म्हणाला, "तो मी काढणार आहे. काचेला घासायची पावडर आहे माझ्याकडे. दोन मिनिटांत चकाचक!"

मी दुसऱ्यांदा ओरडले.

* * *

घरी मला सगळे भिंगरी म्हणतात. लहानपणी मी एका जागी बसत नसे म्हणून आईने ठेवलेलं नाव. अजूनही बसत नाही. जेवताना पाय हलतो, फोनवर बोलताना मी घरभर फिरते. फक्त भिंग डोळ्याला लावलं की मी शांत होते, ते तेवढंच. त्या दिवसापासून मात्र भिंग लावूनही पाय हलायला लागला.

चष्मेवाला तसा दिसायला काही विशेष नाही. उंच, थोडा वाकलेला, स्वतःचा चष्मा कायम कपाळावर आणि तोच शोधत दुकानभर फिरणारा. पण हात! काचेची कड तपासताना त्याचं बोट असं हळूच फिरायचं की बघणाऱ्याने श्वास धरावा. मी धरायची. मग तो वर बघायचा आणि मी घाईघाईने भिंतीवरची डोळे तपासायची अक्षरं वाचायला लागायची.

"शेवटची ओळ वाचता येतेय?" तो विचारायचा.

"येतेय की."

"मग डोळे ठीक आहेत. रोज काय बघायला येता?"

"भिंग! पुन्हा सैल झालंय."

"पुन्हा?"

"तुम्ही नीट घट्ट करत नाही."

"तुम्ही फार जोरात वापरता. नाण्यांवर रागावता की काय?"

असं आमचं चालायचं. तो भिंग उघडायचा, स्क्रू फिरवायचा, फुंकर मारायचा आणि कापडाने काच पुसत बसायचा, गरजेपेक्षा जास्त वेळ. मधल्या वेळात त्या नाण्याची गोष्ट मला तुकड्यातुकड्याने कळली. दुकान त्याच्या मामाचं. मामा आता लेकीकडे राहायला गेला होता. जाताना भाच्याला त्याने दुकान दिलं आणि एका जुन्या चामडी चष्म्याच्या घरात ठेवलेलं हे नाणं दिलं. "अडलास तर वीक, पण आधी काय आहे ते नीट कळून घे," एवढंच म्हणाला.

"आणि तुम्ही त्याने स्क्रू फिरवत होता."

"अडलो होतो ना!"

मी हसायचं नाही असं ठरवून हसले.

पण तो खरोखरच अडला होता. दूरच्या एका शहरात आकाश पाहायच्या मोठमोठ्या दुर्बिणींच्या काचा घडवणारी कार्यशाळा होती. माणसाच्या उंचीच्या काचा, महिनोन्‌महिने हाताने घासायच्या. त्याने तिथे अर्ज केला होता आणि त्यांनी त्याला बोलावलं होतं. दोन वर्षं शिकायचं, राहणं-खाणं स्वतःचं स्वतः बघायचं. महिनाअखेरपर्यंत होय की नाही ते कळवायचं होतं.

"नाण्याला चांगला अंक मिळाला तर विकतो आणि जातो," तो म्हणाला. त्या वेळी तो माझ्याकडे बघत नव्हता, काच पुसत होता. "नाही मिळाला तर इथेच लोकांच्या नाकांची मापं घेत बसतो. नाकंही बरी असतात तशी. तुम्हाला काय वाटतं, किती मिळेल?"

मला काय वाटतं ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं.

"आम्हाला बाहेर मत द्यायची परवानगी नाही," मी म्हणाले. "पाठवा रीतसर."

"तुम्हीच बघणार?"

"ते कुणाला कळत नाही. आणि आम्हालाही कळत नाही नाणं कुणाचं आहे ते. नाव बाहेरच राहतं."

"बरं आहे," तो म्हणाला. "कुणाला नाव ठेवायला नको."

मग उद्या पाठवतो, परवा पाठवतो असं करत त्याने बरेच दिवस घालवले. मी एकदाही घाई करा म्हणाले नाही.

* * *

नाणं आलं ते एका कंटाळवाण्या दुपारी. माझ्यापुढच्या ट्रेमधलं तिसरं की चौथं असेल. झाकण उघडलं आणि निळसर जांभळी कोर माझ्याकडे बघून चमकली.

मी झाकण बंद केलं. पाणी प्यायला उठले. परत आले, बसले, पुन्हा उठले. खिडकीतून खाली त्याच्या दुकानाची पाटी दिसते, ती दिसू नये म्हणून पडदा ओढला.

आमच्याकडे एक नियम आहे. नात्यातल्या, घरोब्यातल्या किंवा जवळच्या माणसाचं नाणं समोर आलं तर त्याला हात लावायचा नाही. ते उचलून काकांकडे द्यायचं आणि तो माणूस आपला कोण लागतो ते तोंडाने सांगायचं. नुसती तोंडओळख असेल तर मात्र चालतं, कारण या धंद्यात सगळेच सगळ्यांना ओळखतात. काका म्हणजे आमचे सगळ्यांत जुने तपासनीस. त्यांच्यासमोर खोटं बोललं तर ते काही म्हणत नाहीत, नुसता चष्मा काढून पुसतात, आणि तेच सहन होत नाही.

मी स्वतःशी वाद घातला. कोण लागतो तो माझा? कुणी नाही. गिऱ्हाईक आणि दुकानदार! तोंडओळख म्हणतात ती हीच. मग बघायला काय हरकत आहे? आणि माझ्याइतकं नीट ते कोण बघणार?

मी नाणं उचललं, कडेला धरून. दिव्याखाली तिरपं केलं. चांगलं नाणं असं हळूहळू कलतं केलं की उजेडाचा एक पट्टा त्याच्यावर गोल फिरतो. या नाण्यावर तो असा फिरला की माझे डोळे भरून आले. इतकं सुंदर नाणं फार दिवसांत हातात आलं नव्हतं. चौसष्ट तर डोळे मिटून. पासष्टही. कदाचित...

मग मी भिंग लावलं आणि ओरखडे शोधायला लागले.

आता ओरखडे सगळेच शोधतात, ते आमचं कामच आहे. पण मी अशी शोधत होते, जणू घरातली किल्ली हरवली आहे आणि गाडी सुटायची वेळ झाली आहे. राणीचा मुकुट. काही नाही. मान. काही नाही. पोत, कड, अक्षरं... आणि मग गालावर सापडला एक, केसाहून बारीक. असे ओरखडे चांगल्या चांगल्या नाण्यांना असतात. एरवी मी त्याची दखलही घेतली नसती.

पण मला आनंद झाला. खरंच, छातीत उकळी फुटल्यासारखा आनंद! एवढ्यावर एक अंक कमी करता येईल, आणि ती कोर कुणाला डाग वाटते म्हणून आणखी एक...

मी भिंग खाली ठेवलं. मला माझीच भीती वाटली.

मग वाटलं, उलट करू. मुद्दाम सढळ हाताने देऊ, म्हणजे मी त्याला अडवलं असं कधी कुणाला म्हणता येणार नाही. पण तेही खोटंच झालं असतं. त्या क्षणी त्या नाण्याचा कुठलाही अंक माझ्या हातून खरा निघाला नसता.

मी झाकण लावलं आणि ट्रे घेऊन काकांच्या टेबलापाशी गेले.

"हे मला जमणार नाही," मी म्हणाले. "ओळखीचं आहे."

"कुणाचं?"

"समोरच्या चष्मेवाल्याचं."

"मग?" काका म्हणाले. "माझा चष्माही त्याच्याकडचाच. उद्या दूधवाल्याचं नाणं आलं तर तेही बाजूला ठेवशील? बघून टाक."

मी तिथेच उभी राहिले. एका पायावरून दुसऱ्या पायावर.

काकांनी मान वर केली. "कोण लागतो तुझा?"

"अजून... कुणी नाही."

"अजून?"

"लागावा असं वाटतं," मी म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की तो मलाच ओळखू आला नाही.

काकांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला. मला वाटलं आता ओरडतील, पण त्यांनी ट्रे स्वतःकडे ओढून घेतला आणि म्हणाले, "जा, तोंडावर पाणी मार. टोमॅटो झालाय तुझा."

"काका, कुणाला सांगू नका हं."

"मी कशाला सांगू?" काका म्हणाले. "माझं तोंड बंद. नियमाचं मात्र मला काही सांगता येत नाही."

ते असं का म्हणाले ते मला तेव्हा समजलं नाही. तोंडावर पाणी मारण्याच्या गडबडीत नियमाचा शेवट मी विसरले होते.

* * *

पुढचे दिवस मी रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने चालले. घरी आईने दोनदा विचारलं, "भिंगरे, तू खोलीत येरझाऱ्या घालतेस की फरशी मोजतेस?" मी म्हटलं, पाय अवघडलेत. आई म्हणाली, "एवढं चालून?" आईपुढे खोटं कधीच टिकत नाही, पण तिने पुढे काही विचारलं नाही. नुसती हसली, आणि ते जास्त वाईट.

किती अंक मिळाला ते मी विचारलं नाही. विचारायचं नसतं. पण आमच्या काउंटरवर नाणी घेणाऱ्या मावशींचा आवाज मोठा आहे. "सहासष्ट! किती महिन्यांनी दिलाय काकांनी सहासष्ट!" हे जिन्यात ऐकू आलं, आणि कुठल्या नाण्याबद्दल चाललंय ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. मला इतका अभिमान वाटला, जणू ती राणी माझीच नातलग. आणि त्याच पायरीवर बसून थोडं रडायलाही आलं. मग उठले, कारण बसवेना.

संध्याकाळी छत्री कलती धरून पलीकडच्या फुटपाथने निघाले, तर रस्ता ओलांडून हाक आली.

"अहो! भिंग झालंय तुमचं!"

सगळा रस्ता वळून बघायला लागला. भिंग त्याच्याकडे मागच्या आठवड्यापासून, नाणं यायच्या आधीपासूनच, पडलं होतं, ऑफिसातल्या दुसऱ्या भिंगावर मी काम भागवत होते. आता जाणं भागच होतं.

दुकानात काउंटरवर मऊ कापड पसरलेलं, त्यावर पारदर्शक डबीत बंद राणी, शेजारी माझं भिंग. भिंतीवरचं घड्याळ चालू होतं आणि फार मोठ्याने टिकटिकत होतं.

"सहासष्ट म्हणजे चांगलं ना?" त्याने विचारलं.

"फार चांगलं."

"निकाल उशिरा मिळाला. मी कारण विचारलं." तो चष्मा कपाळावरून खाली घेत म्हणाला. "मावशी म्हणाल्या, तपासणाऱ्या तिघांपैकी एकीने हात काढून घेतला, म्हणून दुसऱ्याला बघावं लागलं. गिऱ्हाइकाला हे सांगावंच लागतं म्हणे. नियम आहे."

मी भिंतीवरची अक्षरं वाचायला लागले. सगळी एकात एक मिसळली होती.

"मग मी तो नियम वाचला. तुमच्या काउंटरमागे लावलाय, मोठ्या अक्षरांत. नातं, घरोबा किंवा जवळीक." त्याने एकेक बोट उघडलं. "नातं आपलं नाही. घरोबा म्हणावा तर तुमच्या आईने मला अजून चहालाही बोलावलेलं नाही."

"तिला माहीतच नाही."

"काय माहीत नाही?"

आता पळता येणार नव्हतं. छत्रीतून पाणी ठिबकत होतं, तसं माझ्या तोंडून एकेक बाहेर पडलं.

"मी ते नाणं हातात घेतलं होतं. आधी. सोडलं ते नंतर. मी... ओरखडे शोधत होते. अंक कमी व्हावा म्हणून. तुम्ही जाऊ नये म्हणून!"

त्याने डबी उचलून राणीकडे निरखून पाहिलं. इतका वेळ, की घड्याळाचा मला राग आला.

"सापडला?" त्याने हळूच विचारलं.

"एक. गालावर. आणि मला इतका आनंद झाला... म्हणून मग उठले. मला तसं अडवायचं नव्हतं तुम्हाला. अडवायचं होतं, पण तसं नाही."

तो काउंटरला वळसा घालून इकडच्या बाजूला आला. तो आजवर कधी इकडे आला नव्हता.

"मी नाही गेलो तर?" तो म्हणाला. "मला रोज वाटायचं, अंक कमी येऊ दे. उगाच का इतके दिवस ते पाठवायचं टाळलं? सहासष्ट ऐकून माझं तोंड असं पडलं की मावशींनी मला बसायला खुर्ची दिली."

मी हसले, आणि हसता हसता डोळे पुसले. एकदा वाटलं, म्हणावं, राहा. एवढाच शब्द तर होता. नाण्याला हात लावायचा नव्हता, कुठला अंक खोडायचा नव्हता. तो राहिला असता. आणि पुढे कधीतरी, नाकांची मापं घेताना, संध्याकाळी दुकान बंद करून आकाशाकडे बघताना...

"जा," मी म्हणाले. "जाऊ नकोस असं वाटतंय, फार वाटतंय, पण जा. त्या काचा बघून ये. माझ्यामुळे राहिलास तर मी रोज तुझ्या चेहऱ्यावर शोधत बसेन, पस्तावलास का म्हणून. मला शोधायची सवय आहे. वाईट सवय आहे ती."

"मी परत येईन."

"ते मी विचारलं नाही."

"तरी सांगतोय. आणि तुला अरेतुरे जमतं की! मला वाटलं, दोन वर्षं पत्रातही अहो-जाहो करशील."

मी काहीतरी झोंबणारं बोलायला तोंड उघडलं, पण त्याने माझं भिंग उचलून माझ्या हातात ठेवलं आणि हात तसाच राहू दिला. त्याची बोटं गार होती, काचेला लागून लागून.

"एक कबूल करायचंय," मी म्हणाले. "हे आपोआप सैल होत नव्हतं. मी जिन्यात उभी राहून नखाने स्क्रू फिरवायची."

"माहीत होतं. एवढासा स्क्रू आपण होऊन रोज उलटा फिरतो होय?" तो म्हणाला. "आणि मी तरी कुठे पूर्ण घट्ट करत होतो?"

* * *

तो गेला त्या सकाळी आई माझ्यासोबत स्टँडवर आली. आदल्या संध्याकाळी तिने त्याला चहाला बोलावलं होतं, आणि चहा ओतता ओतता त्याची सगळी खानेसुमारी काढली होती. गाडी सुटायच्या आधी त्याने भिंग मागून घेतलं, कानाशी धरून हलवलं आणि परत दिलं. काच खडखडत होती.

"घट्ट करू?"

"नको," मी म्हणाले. "आल्यावर कर."

गाडी वळणावरून दिसेनाशी झाली. आई म्हणाली, चल. मी चालायला लागले आणि आईच्या कितीतरी पुढे निघून गेले, मग थांबले, परत आले. दोन वर्षं अशीच जाणार हे मला तिथेच कळलं. पाय हलणार, पडदे उघडणार, पाटी दिसणार.

ऑफिसात माझ्या टेबलावर नवा ट्रे येऊन पडला होता. मी भिंग काढलं. शांत खोलीत ते असं खडखडलं की पलीकडून काकांनी मान वर केली.

"अगं, किती दिवस हा खुळखुळा वाजवणार आहेस? चौकात दुसरं चष्म्याचं दुकान आहे. पाच मिनिटांचं काम."

"नको काका. कुणाकडे करायचं ते ठरलंय. जरा वेळ लागेल."

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"मग आता," त्यांनी विचारलं, "कोण लागतो तो तुझा? नाही, नियम म्हणून विचारतोय. उद्या त्याचं आणखी एखादं नाणं आलं तर?"

"तर बाजूला ठेवायचं," मी म्हणाले. "लागतो, काका."

आणि नवीन नाणं कडेला धरून दिव्याखाली तिरपं केलं.